साध्या गाडीला एकच दार

अमेरिकेत गाड्यांचं वेड असलेली माणसं नवीन वर्ष लागलं की एक हिशेब मांडतात. यंदा युरोपातल्या आणि जपानमधल्या कोणकोणत्या गाड्यांना २५ वर्षं पूर्ण होणार? इथला कायदाच तसा आहे. जी गाडी अमेरिकेच्या बाजारासाठी कधी बनलीच नाही, ती आपल्या वापरासाठी बाहेरून आणायची तर ती बनून २५ वर्षं उलटलेली हवीत. मी कित्येक वर्षं हा हिशेब एकाच गाडीसाठी करत होतो. ती पोर्शे नव्हती, फेरारीही नव्हती. इटलीच्या डोंगरांत पोस्टमन, द्राक्षबागायतदार आणि दूधवाले जी गाडी राबवायचे ती, पहिल्या पिढीतली फियाट पांडा, चारही चाकं ओढणारी.

"एवढा खर्च करायचाच तर मर्सिडीज तरी आण," हे मला थोरल्या भावापासून मंडळातल्या मित्रांपर्यंत सगळ्यांनी सुनावलं. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. जहाजाचं भाडं दोन्हींना जवळपास सारखंच, कागदपत्रं तेवढीच, आणि शेवटी दारात उभी राहते ती पन्नासेक अश्वशक्तीची, एसी नसलेली चौकोनी गाडी. पण मर्सिडीजची काळजी घ्यायला जगात पुष्कळ माणसं आहेत. साध्या गाडीला वाली नसतो. ती राबते, गंजते, भंगारात जाते, आणि एक दिवस लक्षात येतं की ज्या गाडीवर अख्ख्या देशाची ये-जा चालली तिचा एक धड नमुना सापडायची मारामार आहे. म्हणून मला पांडाच हवी होती. आणि ती सरळ मार्गानं, सगळे कागद चोख असलेली हवी होती.

पांडा १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. आखणी जॉर्जेत्तो जुजारो यांची. स्वस्त, हलकी, दुरुस्तीला सोपी आणि शेतापासून शहरापर्यंत कुठेही चालेल अशी गाडी हवी होती, आणि त्यांनी कशातही लपवाछपवी केली नाही. सगळ्या काचा सपाट, कारण वळणदार काच महाग पडते. डॅशबोर्ड म्हणजे या दारापासून त्या दारापर्यंत एक लांबलचक खिसा. नकाशा, टॉर्च, पाव, हातमोजे, काय वाटेल ते टाका. त्याच्या कडेवरून ॲशट्रे डावीउजवीकडे सरकतो. मागची सीट सुरुवातीच्या गाड्यांमध्ये नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड होतं, आपल्याकडची झोळीच. सपाट केली की पलंग, खोल केली की सामान ठेवायला खळगा, काढली की आख्खी मागची जागा मोकळी.

१९८३ मध्ये तिची फोर बाय फोर आली. आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या एवढ्या छोट्या गाडीत चारही चाकांना ताकद पोचवणं तोवर कुणी केलं नव्हतं. त्याचे भाग ऑस्ट्रियाच्या श्टायर-पुखनं बनवले. गिअरच्या मागे एक छोटा दांडा असतो. रस्ता कोरडा असताना गाडी पुढच्या चाकांवर चालते. चिखल किंवा बर्फ लागला की दांडा ओढायचा, मागचा एक्सल कामाला लागतो. मागे पाटे आहेत, टेम्पोला असतात तसे. खड्ड्यात आपटतात खरे, पण मोडत नाहीत. फियाटचे सर्वेसर्वा जियानी आग्नेल्ली, ज्यांना जगातली कुठलीही गाडी दारात उभी करता आली असती, ते सेंट मॉरिट्झच्या बर्फात पांडा फोर बाय फोर चालवायचे. २००३ पर्यंत पहिल्या पिढीच्या ४० लाखांहून जास्त पांडा बनल्या. अमेरिकेत मात्र एकही अधिकृतपणे विकली गेली नाही. फियाटनं १९८३ मध्येच इथून गाशा गुंडाळला आणि कंपनी परतली ती थेट २०११ मध्ये, नव्या ५०० ला घेऊन.

माझी ओढ अर्थातच मुंबईतून आलेली आहे. आमच्या पिढीच्या मुंबईकराला फियाट हे नाव वेगळं शिकवावं लागत नाही. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून फियाट ११०० डी बनायला लागली, पुढे तीच पद्मिनी झाली, आणि शतक संपेपर्यंत बनत राहिली. वडिलांनी जुनी पद्मिनी घेतली तेव्हा मी शाळेत होतो. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, तळपायाला लागणारी इंजिनाची धग आणि पावसाळ्यात हटकून रुसणारं डिस्ट्रिब्युटर, हे सगळं मला तोंडपाठ होतं. नंतर कुर्ल्यातच फियाट उनो जुळायला लागली. तिच्यात फियाटचं जे ९९९ सीसीचं 'फायर' नावाचं इंजिन होतं, त्याच घराण्यातलं ११०८ सीसीचं इंजिन माझ्या पांडात आहे. पुण्याला गॅरेज चालवणाऱ्या मावसभावानं उनो आणि पालिओ इतक्या उघडल्यात की मी व्हिडिओ कॉलवर बॉनेट वर केलं, तेव्हा त्यानं आवाज ऐकूनच विचारलं, "अरे, टायमिंग बेल्ट कधी बदललाय? आधी तो बदल. आणि बेल्ट काढतोयस तर वॉटर पंपही लगे हाथ बदलून टाक." पत्ता इटलीतल्या पिडमाँटचा, बंदर अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं आणि मिस्त्री कोथरूडचा, अशी ही गाडी आहे.

आता कायद्याकडे येतो, कारण तो नीट कळल्याशिवाय २५ वर्षांची अट म्हणजे नुसता छळ वाटतो.

अमेरिकेनं १९६६ साली वाहनसुरक्षेचा कायदा केला आणि १९६८ पासून गाड्यांना संघराज्याची मानकं लागू झाली. युरोपनं आपली मानकं वेगळी आखली. युरोपात गाडीचा नमुना आधी सरकारी यंत्रणेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. अमेरिकेत कंपनी स्वतःच हमी देते आणि सरकार नंतर बाजारातली गाडी उचलून तपासतं. दोन्हीकडे माणसाचा जीव वाचवायचाच हेतू, पण मोजपट्टी वेगळी. अमेरिकेत १९४० पासून १९८० च्या दशकापर्यंत हेडलाइट म्हणजे ठरावीक मापाचा सीलबंद दिवाच असायला हवा होता. त्यामुळे सित्रोएन डीएसचे ते स्टिअरिंगबरोबर वळणारे, काचेमागचे सुंदर दिवे इथे चालले नाहीत. १९७३ पासून बंपरचे नियम आले आणि जर्मन-इटालियन गाड्यांच्या नाकावर रेल्वेचे बफर बसवावे तसे बंपर दिसायला लागले. कडेचे दिवे, इंडिकेटरचा रंग, हेडलाइटचा झोत, सगळीकडे फरक. युरोपातली उत्तम गाडीही अमेरिकेच्या कागदावर बेकायदा ठरते ती अशी. तिच्यात खोट असते म्हणून नव्हे, तिची इथली परीक्षा झालेलीच नसते म्हणून.

१९८० च्या दशकात डॉलर जोरात होता आणि जर्मनीत मर्सिडीज-बीएमडब्ल्यू इथल्यापेक्षा खूप स्वस्त पडायच्या. शिवाय जी जोरकस इंजिनं युरोपात मिळत ती इथे मिळतच नसत. लोक सरळ तिकडे गाडी घ्यायचे, जहाजावर चढवायचे आणि इथे एखाद्या वर्कशॉपमध्ये दारांत लोखंडी पट्ट्या, नवे दिवे, प्रदूषणाची यंत्रणा बसवून घ्यायचे. १९८५ च्या सुमाराला अशा खासगी गाड्यांचा आकडा वर्षाला ६० हजारांवर गेला. त्यातली काही कामं चोख होती, काही निव्वळ थातूरमातूर. अधिकृत विक्रेत्यांचा धंदा बुडत होता, त्यांनीही जोर लावला, आणि १९८८ मध्ये आयात वाहनांचा नवा कायदा झाला. तो १९९० पासून अंमलात आला. त्यानंतर अशी गाडी फक्त सरकारकडे नोंदलेल्या आयातदारानंच आणायची, किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड, म्हणजे हमी, भरायचा, आणि ठरलेल्या मुदतीत तिला अमेरिकेच्या मानकांत बसवून दाखवायचं. मुळात ती तशी बसवता येते हेही आधी सिद्ध व्हायला हवं, आणि त्यासाठी प्रसंगी आख्ख्या गाड्या भिंतीवर आदळून दाखवाव्या लागतात. पांडासाठी कोण आदळणार?

या कायद्यात सुरक्षेची खरी चिंता किती आणि विक्रेत्यांचं हित किती, यावर मी खूप वाचलं, खूप वाद घातले. माझं मत असं झालं आहे की दोन्ही होतं. पण त्यातून राहिलेली २५ वर्षांची सूट ही फार मोलाची गोष्ट आहे. तिला वशिला लागत नाही, वकील लागत नाही. लागते फक्त तारीख.

मोठ्या गाड्यांसाठी आणखी एक वाट आहे. बिल गेट्स यांनी १९८० च्या दशकात पोर्शे ९५९ मागवली. तिची अमेरिकेतली चाचणी झालेली नव्हती, कारण आदळून मोडायला चार गाड्या द्यायला पोर्शे तयार नव्हती. ती गाडी कस्टम्सच्या ताब्यात तब्बल दशकभर अडकून पडली. अखेर १९९० च्या दशकाच्या शेवटी कायद्यात 'शो ऑर डिस्प्ले'ची तरतूद आली: तंत्रज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीनं महत्त्वाची, मोजक्याच संख्येनं बनलेली गाडी असेल तर आणा, पण वर्षाला २,५०० मैलांच्या वर चालवू नका. पोर्शेसाठी, मॅक्लारेनसाठी हे ठीक आहे. लाखांनी बनलेल्या, कुणाच्याही लक्षात न येणाऱ्या गाडीला ही वाट नाही. पांडाला एकच दार, वयाचं. आणि मला ते न्याय्य वाटतं, कारण त्या दारातून आत येताना पांडाला आणि पोर्शेला एकच प्रश्न विचारला जातो.

आडवाटा नाहीत असं नाही. तरुण गाडीवर जुन्या गाडीचा चासी नंबर चढवणं, गाडी सुट्या भागांत आणून इथे जोडणं, कागदावरचं साल मागे ढकलणं, हे सगळं होत आलं आहे. लँड रोव्हर डिफेंडरच्या बाबतीत तर इतकं झालं की २०१४ मध्ये सरकारी यंत्रणांनी एका झटक्यात सुमारे ४० डिफेंडर लोकांच्या दारातून उचलून नेल्या. मालकांनी त्या इथल्या इथे, इथल्याच विक्रेत्याकडून विश्वासानं घेतलेल्या. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. मला त्या बातमीनं हादरवलं ते मालकांच्या नुकसानीपेक्षा गाड्यांमुळे. खोट्या कागदाची गाडी कधीच निवांत नसते. ती विकता येत नाही, तिचा विमा टिकत नाही, ती मुलांच्या नावावर करता येत नाही. एखादी गाडी जपायची म्हणून आणायची आणि तिची ओळखच खोटी करून टाकायची, यात जपणं कुठे राहिलं?

माझी पांडा १९९६ ची. ती कुनेओ प्रांतातल्या एका द्राक्षबागायतदार आजोबांकडे होती. इटलीत गाडीच्या कागदाला सगळे लिब्रेत्तो म्हणतात. त्यावर पहिल्या नोंदणीची तारीख असते, बनल्याची नव्हे. अमेरिकेत २५ वर्षं मोजतात ती बनल्याच्या तारखेपासून, पण गाडीच्या पाटीवर ती तारीख नसेल तर २५ वर्षांपूर्वीच नोंदणी झाल्याचा कागदही चालतो. गाडी नोंदली गेली म्हणजे ती त्याआधी बनलेलीच असणार. तरीही मी कंपनीच्या हेरिटेज विभागाकडून उगमाचं प्रमाणपत्र मागवलं. त्यावर माझ्या चासी नंबरापुढे मूळ रंग आणि कारखान्याच्या वहीतली तारीख होती. ते पाकीट आलं त्या दिवशी मी ते घरात सगळ्यांना दाखवत फिरलो.

गाडी बघायला गेलो तेव्हा आजोबांची नात दुभाषी होती. आजोबा फारसं बोलत नव्हते. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, आधी मला शेजारी बसवून बागेच्या चढावर नेलं. ओळींमधली वाट ओली होती. मध्यावर थांबून त्यांनी तो छोटा दांडा माझ्याच हातानं ओढायला लावला आणि क्लच सोडला. गाडी चढली. मग त्यांनी नातीला काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा म्हणतायत, हा दांडा डांबरी रस्त्यावर ओढायचा नाही, गिअर खराब होतात. हे तुम्ही कुणालाही गाडी दिलीत तरी सांगायचं." मी हो म्हणालो. आणि गाडी कुणालाही दिली की खरंच सांगतो.

इटलीतून गाडी कायमची बाहेर काढायची तर तिथल्या सरकारी वाहननोंदणीतून तिचं नाव निर्यातीच्या कारणानं कमी करावं लागतं आणि नंबरप्लेटा जमा कराव्या लागतात. आजोबांनी प्लेटा स्वतः उतरवल्या, फडक्यानं पुसल्या आणि एजंटच्या हातात दिल्या. नंतर युरोपीय संघाचा निर्यातीचा कागद होतो. हे सगळं तिथला एजंट करतो. पैसे लागतात, पण फार डोकं लागत नाही.

डोकं, आणि पाठ, लागली ती मातीला. याचा विचार फार थोडे लोक करतात. अमेरिकेत गाडीबरोबर परदेशी माती आणायला बंदी आहे, कारण मातीतून किडी येतात, बुरशी येते, तणाचं बी येतं. बंदरात शेतीखात्याच्या नियमांनुसार गाडीचा तळ तपासतात. माती सापडली तर धुलाईचा भुर्दंड, नाहीतर गाडी परत. आणि माझी गाडी तर पाव शतक द्राक्षमळ्यात फिरलेली. कुनेओच्या एका गॅरेजात ती लिफ्टवर चढवली आणि वाफेच्या पाइपनं धुवायला घेतली. चाकांच्या कमानींच्या आत, पाट्यांच्या मधल्या फटींत, पेट्रोलच्या टाकीच्या वर, राखाडी-पिवळी माती थरांनी बसली होती. पहिला थर वाफेनं गेला. खालचा वाळून दगड झालेला. तो लाकडी पट्टीनं खरवडावा लागला, कारण लोखंडी उलथनं लावलं तर रंग उडून गंज लागणार. मी ओव्हरऑल घालून त्या मिस्त्रीच्या बरोबरीनं खाली उभा होतो. पाट्यांच्या घट्ट बांधलेल्या जोडात एक द्राक्षाची बी निघाली. मिस्त्रीनं ती बोटावर धरून दाखवली आणि गटारात टाकली. संध्याकाळपर्यंत तळ असा झाला की प्रत्येक वेल्डिंगची रेघ दिसत होती, आणि त्यातच डाव्या दाराखालच्या पत्र्याला लागलेला गंजही दिसला. तो तिथेच कापून नवा पत्रा लावून घेतला. माती काढली नसती तर तो गंज मला इथे आल्यावर, फार उशिरा, कळला असता.

रो-रो जहाजात गाडी स्वतःच्या चाकांवर चढते. टाकीत थोडंच पेट्रोल ठेवायचं, गाडीत दुसरं काही सामान ठेवायचं नाही, किल्ली सोबत द्यायची.

अमेरिकेच्या बाजूचे कागद मुळात थोडेच आहेत. वाहतूक खात्याचा एचएस-७ फॉर्म. त्यात पहिल्याच चौकटीत खूण करायची की गाडी २५ वर्षांची किंवा त्याहून जुनी आहे. पर्यावरण खात्याचा ३५२०-१. तिथे २१ वर्षं पुरतात, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. कुणी तिच्यात भलतंच इंजिन बसवलेलं असेल तर ही सूट गेली. म्हणून मी जोरकस इंजिन टाकलेल्या, दिखाऊ पांडा बघितल्याही नाहीत. मग कस्टम्सची नोंद, २,५०० डॉलरच्या वरच्या मालाला लागणारा बाँड, आणि कर. मी गाडी आणली तेव्हा प्रवासी गाडीला अडीच टक्के पडायचे. २०२५ मध्ये बाहेरच्या गाड्यांवर २५ टक्के जादा कर आला तेव्हाही २५ वर्षांहून जुन्या गाड्यांना त्यातून वगळलं, हे वाचून मला हायसं वाटलं.

पण मालवाहू गाडीची गोष्ट वेगळी. पांडाची मागच्या सीटा नसलेली व्हॅनही निघायची, आणि ती दिसली की स्वस्त म्हणून माणूस भुलतो. १९६० च्या दशकात फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीनं अमेरिकेच्या कोंबड्यांवर कर वाढवला. उत्तर म्हणून १९६३ च्या डिसेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलक्या ट्रकांवर कर बसवला. बाकीचं पुढे निघून गेलं, ट्रकांवरचा २५ टक्के तसाच राहिला. त्याला अजून 'चिकन टॅक्स'च म्हणतात. त्यापायी फोर्ड तुर्कस्तानातून ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागे सीटा बसवून आणायची आणि इथे उतरल्यावर त्या काढून टाकायची. ते प्रकरण २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून मिटवावं लागलं. तेव्हा पांडा घ्यायची ती मागची सीट असलेली, आणि कागदावरही प्रवासी म्हणून नोंदलेली.

बाल्टिमोरच्या डनडॉक टर्मिनलमध्ये मी गाडी घ्यायला गेलो. बंदरात तिथल्या खास ओळखपत्राशिवाय सोडत नाहीत. ते नसेल तर पैसे भरून एक सोबती घ्यावा लागतो. तो सोबती आयुष्यभर बंदरात राबलेला गृहस्थ होता. नव्या चकचकीत गाड्यांच्या रांगांमागून आम्ही गेलो, आणि तिथे ती उभी होती. त्यानं तिच्याभोवती एक फेरी मारली, काचेतून डॅशबोर्डच्या त्या लांब खिशात डोकावला आणि म्हणाला, "हे आता कुणी का बनवत नाही?"

केंद्राचं काम संपलं तरी राज्याचं उरतंच. कस्टम्सनं गाडी आत घेतली म्हणजे रस्त्यावर आणायची मुभा मिळाली असं नाही. नोंदणी राज्याची, आणि प्रत्येक राज्याचं आपलं आपलं. कॅलिफोर्नियातला माझा मित्र हीच गाडी सहजासहजी आणू शकत नाही, कारण तिथले प्रदूषणाचे नियम वेगळे आणि फार कडक आहेत. माझ्याकडे अडलं ते नंबरापाशी. अमेरिकेत चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं नववं अक्षर बाकीच्या सोळांवरून गणितानं काढलेलं असतं. संगणक ते पडताळून बघतो. युरोपातल्या नंबरातही सतरा अक्षरं, पण ते पडताळणीचं अक्षर सक्तीचं नाही. माझा नंबर 'झेडएफए१४१' असा सुरू होतो, १४१ म्हणजे पांडा, आणि संगणक प्रत्येक वेळी तो चुकीचा म्हणून परत फेकायचा. आपल्याकडे आरटीओत चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि नंबराचा ठसा घेतात. मी तसाच ठसा घरून घेऊन गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी तो कागद उजेडाकडे धरला, लिब्रेत्तोवरचा नंबर, कस्टम्सच्या कागदावरचा नंबर आणि ठशावरचा नंबर अक्षर-अक्षर बोट ठेवून जुळवला, आणि वरिष्ठांना बोलावून नोंद हातानं करून घेतली. तीन देशांतल्या पद्धतींनी एकाच गाडीची ओळख पटवली आणि ती एकच निघाली, याचा मला जो आनंद झाला तो गाडी हातात आल्याच्या आनंदाहून कमी नव्हता.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की ठेवावी लागते. २५ वर्षांची सूट म्हणजे गाडी सुरक्षित आहे असा दाखला नव्हे. माझ्या पांडात एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, दारं पातळ आहेत. इथल्या हायवेवर शेजारून अडीच-तीन टनांचे पिकअप जातात. म्हणून ती गावातल्या आणि डोंगरातल्या रस्त्यांवर चालते, मुलांना घेऊन हायवेला जात नाही. सरकारनं सूट दिली म्हणजे ती जबाबदारी आता माझी झाली, असं मी मानतो.

गाडीचं वय मोजायची तऱ्हा जागोजागी किती उलट आहे, हे मला या सगळ्यात फार जाणवलं. मिलान शहरानं २०१९ पासून जुन्या, जास्त धूर ओकणाऱ्या गाड्यांना शहराच्या मोठ्या भागात बंदी घालायला सुरुवात केली. हवेसाठी ते बरोबरच आहे. त्याआधी १९९७ मध्ये इटलीच्या सरकारनं जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्यांना सवलत दिली आणि साध्या गाड्या घाऊक भंगारात गेल्या. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी काळ्या-पिवळ्याही त्या नियमानं रस्त्यावरून उतरल्या. आणि इथे बाल्टिमोरच्या बंदरात २५ च्या आत असलेल्या गाडीलाच मज्जाव. भारतात तर माझ्या पांडाला जागाच नाही. जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली, उजव्या स्टिअरिंगची हवी, आणि व्हिंटेज म्हणून आणायची तर बराच काळ १९५० पूर्वीचीच चालायची. जी गाडी ना नवी ना दुर्मीळ, तिला कुठल्याच देशाचा कायदा मुद्दाम जपत नाही. अमेरिकेच्या या अटीनं, तसा हेतू नसताना, तेवढं एक काम केलं आहे. जेव्हा मूळ देशात साध्या गाडीची किंमत भंगाराएवढी झालेली असते, नेमकं तेव्हाच ती इथे कायद्यात बसते. आज पांडा फोर बाय फोरचे भाव इटलीत चढलेत त्यात या बाहेरच्या मागणीचाही हात असावा असं मला वाटतं, आणि म्हणून तिथले मालकही आता तिचा गंज काढायला लागलेत.

मिशिगनमध्ये गाड्यांच्या इंजिनांवर काम करणारा एक सांगलीकर मित्र आता ऑडी ए२ च्या मागे लागला आहे. त्यातही त्याला १.२ टीडीआय हवी, शंभर किलोमीटरला तीन लिटरच्या आत डिझेल पिणारी, ॲल्युमिनियमच्या अंगाची. ती २००१ पासून बाजारात आली, म्हणजे पहिल्या गाड्यांची पंचविशी आता कुठे भरते आहे. त्याला जर्मनीत नेकार्सुल्मजवळ एक छान गाडी सापडली, एकाच मालकाची, पण ती २००१ च्या अखेरीची. विकणारा म्हणाला, चार-दोन महिन्यांचाच प्रश्न आहे, पाठवून देऊ. मित्रानं मला फोन केला. मी म्हणालो, पैसे दे, गाडी तिथेच एखाद्या कोरड्या शेडमध्ये भाड्यानं ठेव, बॅटरी काढून ठेवायला सांग, आणि तोवर बनल्याच्या तारखेचा कागद मागवून घे. तारीख उलटली की जहाजाचं बघू.